दादांची फुंक

हे मी बायकोलाही बोललेलो नाही. तुम्हाला सांगतोय. मधे अडखळलो तर अडखळू द्या – पण सांगणार सगळं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. चांगला होतो, उगाच विनय कशाला? दर तासाला पाच नग मोजायचे आणि मापं तक्त्यात भरायची. आता खरं सांगू? मशीन नीट चालत असलं की आम्ही न मोजताच तक्ता भरायचो, टेबलावर बसून. सगळे आकडे सारखे नकोत – एखादा जरा वर, एखादा खाली, म्हणजे खरं वाटतं. त्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं.

माझे वडील, दादा, नांदगावकडून येऊन जन्मभर फाउंड्रीच्या धुळीत राबले. रिटायर झाले तेव्हा छाती कामातून गेलेली. घरोघरी मोबाइल नुकते आले होते, तेव्हा त्यांच्या दवाखान्याने एक नवी सोय काढली. रोज सकाळी दादांनी एका नळीत तीनदा जोरात फुंकायचं, काटा सगळ्यात वर जाऊन थांबेल तो आकडा मी एसएमएसने पाठवायचा. तिकडे कॉम्प्युटर आलेख काढणार. आकडा दोनशेच्या खाली गेला की डॉक्टर फोन करणार. दादांना केवढं अप्रूप! तोंड धुऊन, टोपी घालून, नळी हातात धरून खुर्चीत बसायचे.

आणि मला फर्स्ट शिफ्टची बस गाठायची असायची. तीनदा फुंकायचं, मधे दम खायचा – दहा मिनिटं जायची. दहाच मिनिटं.

दादांना नळीवरचे बारीक आकडे दिसत नव्हते. मग मी त्यांना एकदाच फुंकायला लावायचो, काट्याकडे न बघता “झकास!” म्हणायचो आणि बसमधून आकडा धाडायचो. दोनशे तीस. दोनशे पंचवीस. दोनशे पस्तीस. असे दोन महिने.

थंडीत दादा म्हणाले, “लय दम लागतोय रे.” मी काय म्हणालो? डॉक्टर रोज आकडे बघतात, काही असतं तर फोन आला नसता का? असं मी म्हणालो – मी!

मग एका सकाळी त्यांचे ओठ निळे पडले. दवाखान्यात वाचले, पण पुढे ऑक्सिजनशिवाय त्यांना उंबरा ओलांडता आला नाही. डॉक्टरांनी आलेख समोर धरला. सुरेख होता. आधी कळलं असतं तर औषध बदललं असतं, ही वेळ आली नसती, म्हणाले. मग आकडे इतके चांगले कसे, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार होतो – खरंच होतो का? तेवढ्यात दादाच बोलले, “माझीच फुंक चुकली आसंल, सायेब. मला नीट जमत नाय.”

मी मान हलवली. होकाराची.

त्यानंतरही दादा रोज टोपी घालून नळी घेऊन बसायचे. आता मी काटा बघायचो, तीनदा. एकशे चाळीस. एकशे तीस. खरे आकडे पाठवायचो. फुंकून झालं की धापा टाकत ते मला विचारायचे, “आता बरोबर जमली का रे?”

तीन वर्षं विचारलं त्यांनी. आणि दर वेळी मी म्हणालो – हो दादा, आता जमली.