सरांवर रुसलेला लॅपटॉप

शेषगिरी सरांनी मला मळमड्डीच्या शाळेत गणित शिकवलं. एक पायरी गाळली की वही खिडकीबाहेर! असा माणूस २००६ साली विद्यानगरच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये येतो आणि आवाज खाली आणून सांगतो, "जयलक्ष्मी, अनिशच्या लॅपटॉपमध्ये अनिश आहे." अय्यो देवरे! मी कपाळावर हात मारला.

अनिश त्यांचा एकुलता एक मुलगा. आदल्या वर्षी हुबळी रोडवर मोटारसायकलवरून गेला तो परत आलाच नाही. त्या सकाळी सर त्याच्यावर ओरडले होते, "दिवसभर ते डबडं मांडीवर! तोंड दाखवू नकोस मला." डबडं घरीच राहिलं.

"रोज पाचला वाचनालयातून आलो की त्याला माफीचं पत्र लिहायला बसतो," सर म्हणाले. "दोन ओळी झाल्या की पडदा काळा. त्याला माझी माफी नकोय गं."

"रोज?"

"गुरुवार सोडून. गुरुवार म्हणजे मठातल्या रायरांचा, आमच्या गुरुस्वामींचा वार. त्यांचा धाक असतो त्याला. ते धरायचं नाही."

"सर, पेपरात असं लिहिलं असतं तर तुम्ही भोपळा दिला असता!" बोलले खरी, पण त्यांचे डोळे बघून माझाच जीव घाबरा झाला. यंत्रच बिघडलंय हे कुणीतरी सिद्ध केलं नसतं, तर हा माणूस मरेपर्यंत स्वतःला जाळत बसला असता.

लॅपटॉप लिनक्सवर चालणारा. असा एकाएकी बंद पडला की शेवटी काय झालं ते स्वतःच्या डिस्कवर लिहून ठेवायलाही त्याला सवड मिळत नाही. म्हणून माझा जुना कॉम्प्युटर मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत ठेवला आणि अनिशच्या खोलीपर्यंत लांब वायर ओढली. लॅपटॉपनं मिनिटामिनिटाला आपली हकिकत, तापमानासकट, तिकडं कळवायची. तो मेला तरी त्याचं शेवटचं बोलणं इकडं शिल्लक राहील. ती वायर जोडताना, खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला.

आठवड्यानं नोंदी वाचल्या. तीनला तापमान चढायला लागायचं ते पाचपर्यंत चढतच राहायचं. मग सर बसले की तापलेलं यंत्र दोन ओळींत मान टाकायचं. गुरुवारी मात्र थंडगार. तीन ते पाच घरात फक्त अनिशची आई, इंदुमती काकू असतात, आणि गुरुवारी त्या रायरांच्या मठात जातात.

दुसऱ्या दिवशी साडेचारलाच मी सरांना वाचनालयातून उठवून घरी आणलं.

काकू अनिशच्या खाटेवर बसल्या होत्या. मांडीवर त्याची गोधडी, आणि गोधडीत घट्ट गुंडाळलेला, चालू लॅपटॉप. हवा जायला फट म्हणून नाही. आम्हाला बघून त्या दचकल्यासुद्धा नाहीत.

"हात लावून बघा," त्या सरांना म्हणाल्या. "तापात असाच लागायचा अंगाला."

नोंदींचे कागद माझ्या हातात होते. ते फाडून टाकावेसे वाटले. सर शेजारी टेकले. काकूंनी गोधडीचं टोक त्यांच्याही मांडीवर ओढलं. सरांनी आत हात घातला आणि लहान पोरासारखे हमसून रडायला लागले. "अनिशा, चुकलो रे मी."

तेवढ्यात लॅपटॉपचा पंखा घरघरला आणि थांबला. सरांनी भेदरून काकूंकडं बघितलं.

काकू गोधडीवरून थोपटत राहिल्या.

"हळू रडा," त्या म्हणाल्या. "आत्ता झोपलाय तो."