मुक्या राहिलेल्या ओळीची भीती

नाटक कंपनीत त्याला सगळे भागूबाई म्हणत, आणि खोटं कशाला बोला, नाव शोभायचंही. पाल चुकचुकली तरी हा दचकायचा. सत्तावीस वर्षं विंगेच्या अंधारात बसून त्याने नटांना विसरलेली वाक्यं पुरवली; स्वतः प्रकाशात एक पाऊल टाकलं नाही. "घरी झुरळसुद्धा मीच मारते," असं बायको चारचौघांत सांगायची, आणि तो खुशाल हसायचा.

कंपनीचं एक जुनं शोकनाटक होतं. शेवटी राजा विषाचा पेला उचलून म्हणतो, "मरणा, पाऊल वाजवू नकोस; मी जागाच आहे." ही ओळ प्रयोगात राजानेच म्हणायची; एरवी, तालमीतसुद्धा, कुणी उच्चारत नसे. आधीच्या प्रॉम्प्टरने पैजेखातर उच्चारली आणि आठवड्याच्या आत तो वारला. तेव्हापासून तालीम पेल्यापाशीच थांबे, आणि प्रॉम्प्टरच्या वहीत त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असे. राजाचं काम करणारा म्हातारा नट मात्र प्रयोगात ती अशी फेकायचा की मरणानेच ओशाळावं. त्या ओळीला त्याला प्रॉम्प्ट कधी लागलाच नव्हता.

एका दुपारच्या प्रयोगात लागला. सकाळीच डॉक्टरांनी त्याला हृदयाचं काही खरं नाही म्हणून सांगितलं होतं. पेला उचलला, आणि शब्द येईना. भरल्या नाट्यगृहात कुणी खोकेनासं झालं. राजाने विंगेकडे पाहिलं. इतकी भीती भागूबाईने आजवर फक्त आरशात पाहिली होती.

सांगावं तर आपलं मरण, न सांगावं तर म्हाताऱ्याची जन्माची अब्रू मातीत. भागूबाईने वहीतल्या पट्टीवर बोट टेकवलं. तेवढ्यात कानामागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "मरणा..." अगदी प्रॉम्प्ट देतात तसं, अर्धा श्वास आधी. मानेवर गार वारा लागला. त्याने मागे पाहिलं नाही. डोळे मिटून सबंध ओळ त्याने राजाला दिली, आणि राजाने ती थरथरत, पण पुरती म्हटली.

पडदा पडल्यावर राजा त्याचा हात धरून रडला. "मी घाबरलो रे. तुला नाही भीती वाटली?"

"वाटली ना, राजे! पण मागून सांगितलं कुणीतरी."

"तुझ्या मागे तर भिंत आहे."

भागूबाईने मागे हात नेऊन भिंत चाचपली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटलं, स्वारी आता फिरकत नाही. स्वारी वेळेवर आली, आणि आपलं स्टूल भिंतीपासून हातभर पुढे ओढून बसली. मागच्याला बसायला जागा नको?