अर्धी होडी घेऊन मालवणला

मिठबावहून आम्ही निघालो तेव्हा उजाडत होतं. पुढे बाबा, मागे मी आणि माझ्या काखेत मेणकापडात गुंडाळलेली कागदाची सुरळी. मॅट्रिक झालेली, अठरा वर्षांची, गावात होडीचं चित्र मापात काढणारी एकटी मीच. त्यामुळे डोकं इतकं चढलं होतं की वाटेवरच्या माडांनी वाकून रामराम करावा अशी माझी अपेक्षा होती.

मालवणात तंत्रशिक्षणाचं कॉलेज निघालं होतं. बाबा होड्या बांधणारे मेस्त (सुतार). त्यांनी एकच अट घातली होती. तिथल्या मास्तरांनी चित्र बरोबर म्हटलं तर शिकायचं, नाही तर कणकवलीच्या स्थळाला होकार द्यायचा. मी एका पायावर कबूल झाले. हरण्याचा विचारच मनात नव्हता.

आचऱ्याच्या अलीकडे खाडी लागली. तरीत (माणसं पलीकडे नेणारी होडी) चढताना चिखलात पाय गेला नि मी गुडघ्यापर्यंत रुतले, पण सुरळी डोक्यावर धरून ठेवली.

"खंय चललंस गो सुरळी घेवन?" तरवाल्याने विचारलं.

"इंजिनेर होवक जाता ता," बाबा म्हणाले. छाती थोडी पुढे आलीच होती त्यांची.

"मगे पयलो हय पूल बांधूक सांग तेका. माझे हात मोडले वल्ही मारून."

मालवणात पोचेस्तोवर ऊन तापलं होतं. खानावळीत पेडवे माशांचं तिखलं, भात नि दोन वाट्या सोलकढी झाल्यावर पायांतले गोळे उतरले. मग कॉलेज शोधायला निघालो. मला वाटलं होतं मोठी कमान असेल. निघाली भाड्याची वखार. आत सुक्या खोबऱ्याचा वास अजून भरलेला. मुलांची मेजं आली नव्हती, म्हणून ती मांडीवर फळ्या घेऊन रेघा ओढत होती. मुंबईहून बोटीने आलेलं यंत्र झावळ्यांच्या मांडवात पेटीतच बसून होतं, गावात वीज येण्याची वाट बघत.

सर देशावरचे, अगदी तरुण. त्यांनी माझा कागद उलगडला आणि पालथा करून मागची बाजूही बघितली.

"होडीची दुसरी बाजू कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

आता सांगते ती गंमत. बाबा होडीच्या एकाच बाजूचा लाकडी फर्मा (साचा) करत आणि तोच उलटा फिरवून दुसरी बाजू उभी करत. आमच्याकडे सगळेच तसं करत. मग मी दोन्ही बाजू काढून कागद कशाला नासवू?

"दुसरी तशीच असते," मी म्हटलं. "होडीला दोन बाजू सारख्या असतात हे तुमच्याकडे शिकवत नाहीत का?"

सर हसले. "थांबा हं," म्हणून आतल्या खोलीत गेले. ते हसले एवढंच मला दिसलं. ज्याला होडी कळत नाही तो मला काय शिकवणार? शिपाई दारात उभा होता, त्याला म्हटलं, "उरलेली अर्धी काढून घ्या म्हणावं." आणि कागद तिथेच टाकून, बाबांचा हात धरून चालू लागले. काय तो तोरा. आज ती पोरगी भेटली तर कान धरून परत आणीन.

परतताना तरीत बाबांनी माझ्या रिकाम्या काखेकडे बघितलं. "मास्तर आत कित्याक गेलो, ता तरी बघूचा व्हता," एवढंच म्हणाले.

पुढे कणकवलीला सासरी आले. माणसं चांगली मिळाली, तक्रार नाही. पण कोणी पेन्सिलला टोक काढू लागलं की मी उगाच तिथून उठायची.

आठ वर्षांनी नणंद शालनला त्याच कॉलेजात घालायला मी एस.टी.ने मालवणला गेले. आता टेकाडावर जांभ्या दगडाची लांबलचक इमारत होती. कार्यशाळेत यंत्रं घरघरत होती, मुलांचे हात तेलाने काळे झाले होते. खोबऱ्याच्या वासाला मी नाक लावून बघितलं. नव्हता.

दारात तोच शिपाई, अंतोन. केस पिकलेले.

"अगो, तू ती अर्धे होडयेवाली मां?" त्याने मला नखशिखान्त बघून घेतलं. "सर त्या दिसा तुझो फॉर्म हाडूक आत गेल्ले. भायर येवन बघतत तर तुमी नाय. आठ दीस मेजार फॉर्म ठेयल्यानी."

सर बदली होऊन कधीच गेले होते. अंतोनने मला चित्रशाळेत नेलं. भिंतीवर काचेत माझी होडी होती, अर्धीच. जिथे माझी रेघ संपत होती तिथे सरांनी बारीक तुटक उभी रेघ मारली होती, बाकी कशाला हात लावला नव्हता. दोन बाजू सारख्या असल्या की एकच काढायची, ही मधली रेघ मारायची, असं नव्या मुलांना तिथे उभं करून सांगतात म्हणे. म्हणजे चुकलं होतं ते एवढंच.

"वयनी, ह्या तू काढलंस?" शालनने विचारलं.

खाली नावाचा चौकोन रिकामा होता. अंतोनने खिळ्यावरून तसबीर उतरवली, मागची फळी काढली. "आता तरी नाव घाल."

मी शालनची पेन्सिल घेतली आणि माहेरचं नाव घातलं. ती होडी काढणारी पोरगी कणकवलीला कधी आलीच नव्हती.

शालनला प्रवेश मिळाला. ती तिथेच तिच्या मावशीकडे राहिली, मी एकटी संध्याकाळच्या गाडीने परत निघाले. खिडकीतून टेकाडावरची इमारत दिसत होती, तोवर मान वळवून बघत राहिले. आत नेमकं काय शिकवतात, ते मला अजून कळायचं आहे. बाबांना हे सांगायला हवं होतं, पण ते आता नव्हते.

शेजारच्या बाईने विचारलं, "कॉलेजात कोण आसा तुमचा?"

"नणंद," मी म्हटलं. कसालचा थांबा आला. मग राहवलं नाही.

"आणि एक अर्धी होडी."

बाई जरा पलीकडे सरकून बसली.