शिट्टीपासून शिट्टीपर्यंत

नाना पंपांच्या जळालेल्या मोटरी भरून द्यायचे. आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि तिथे नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा घालून बसवायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. दुकान एवढंसं, वार्निशच्या वासानं भरलेलं. गिऱ्हाईक बाहेर उभं राहायचं आणि नाना आतून बोलायचे, तेही तोलून मापून. पण गावातल्या फुटबॉल क्लबची मॅच असली की हाच माणूस गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलायचा.

त्या क्लबात वेड लागण्यासारखं काय होतं, देव जाणे. हरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण होता आपला, एवढंच.

अशा क्लबाचं पलीकडच्या श्रीमंत क्लबात विलीनीकरण करायचं, असं एकदा कमिटीनं ठरवलं. नाव त्यांचं, रंग त्यांचा, मैदानही त्यांचंच. आपलं काय, तर म्हणे परंपरा! समर्थकांच्या अंगाचा तिळपापड झाला. घोषणा झाल्या, मोर्चा झाला, कमिटी ढिम्म. तेव्हा कधी नव्हे ते नाना बैठकीत बोलले.

"आपल्या ओरडण्याची त्यांना सवय झालीय. आता ओरडायचंच नाही. हंगामातल्या शेवटच्या मॅचला मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही. शिट्टीपासून शिट्टीपर्यंत. एकही मान वळता कामा नये. एक वळली की सगळ्या वळतील."

मॅच नेमकी पलीकडच्या क्लबाशीच होती. स्टँडभर नुसत्या पाठी. पेपरात तोच फोटो आला, कमिटीची छी थू झाली आणि सभासदांनी विलीनीकरण हाणून पाडलं. क्लब वाचला. हे सगळ्या गावाला पाठ आहे.

गावाला जे माहीत नाही ते असं. नानांचा मुलगा त्या संघात राखीव खेळाडू होता. बेंचवर बसून बसून त्याच्या चड्डीला चकाकी आली होती. त्या दिवशी कुणाचा तरी पाय मुरगळला आणि मॅच संपता संपता त्याला आत सोडलं. नानांना पत्ताच नाही, कारण लाऊडस्पीकरवरचा माणूससुद्धा समर्थकांत सामील होऊन गप्प बसला होता. थोड्या वेळानं पलीकडच्यांची चार टाळकी ओरडत होती तीही एकदम थंड पडली, म्हणजे गोल आपला झाला, एवढं सगळ्यांना उमगलं. एरवी मैदान डोक्यावर घेतलं असतं. कुणी हललं नाही.

मग कुंपणापर्यंत कुणीतरी धावत आलं. नानांच्या अगदी मागे धापा ऐकू आल्या.

"बाबा! बाबा, मी मारला!"

नानांनी मुठी आवळल्या. आपणच घालून दिलेला नियम आपणच मोडायचा? आपली मान वळली की सगळं संपलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. पावलं जरा वेळ तिथेच घुटमळली आणि मग निघून गेली, चालत. ती हाक ऐकली ती फक्त शेजारी उभ्या असलेल्या नानांच्या थोरल्या भावानं, आणि तो पुढच्या वर्षी वारला. पेपरात पाठी आल्या, गोल कुणाचा ते छापायचं कुणाला सुचलंच नाही, आणि त्या गडबडीत संघातल्या पोरांनाही कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मुलगा मान खाली घालून जेवला. नाना काहीतरी बोलायला गेले आणि तोंडातून निघालं, "बूट उन्हात ठेव उद्या." पुढच्या हंगामात मुलगा मैदानावर फिरकला नाही. लांबच्या बंदरात क्रेन चालवायला गेला तो तिकडचाच झाला. फोन यायचा तो आईला. "बाबांना देऊ का?" ती विचारायची. "नको, झोपले असतील," तो म्हणायचा. भर दुपारी!

इतकी वर्षं गेली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून यंदा तो आला, आणि त्यातच दरवर्षी साजरा होणारा क्लब वाचल्याचा दिवस आला. नाना सहज विचारल्यासारखं म्हणाले, "येतोस का क्लबात? चहा असतो." तो म्हणाला, "चला."

सकाळपासून नानांचा हात चालत नव्हता. एक अख्खी मोटर उलटी भरली आणि पुन्हा उसवत बसले. त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं: आज चारचौघांत सांगायचं की तो गोल माझ्या पोराचा. त्या दिवशी त्याला न मिळालेल्या टाळ्या आज मिळू देत. मग बोलेल तो आपल्याशी.

क्लबाच्या खोलीत पत्र्याच्या खुर्च्या, जिन्याखाली ओल्या बुटांचा ढीग, भिंतीवर तो पाठींचा फोटो. भोंगा बोलायला उभा राहिला. भोंगा म्हणजे न्हावी. दुकानात केस कमी कापायचा, गप्पा जास्त. त्याची गोष्ट रंगात आली तेव्हा एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "पण गोल कुणी मारला होता?"

"कुणाला ठाऊक! आमच्या काय पाठीला डोळे होते?"

खोली हसली. मुलगाही हसला. ते हसू बघून नाना उठले.

"माझ्या पोरानं मारला. हा बसलाय ना, यानं. कुंपणापाशी येऊन मला हाक मारली. आणि मी... मी वळलो नाही."

मुलानं मान वर केली. त्या दिवशी त्याचा चेहरा कसा झाला असेल, याचा विचार नानांनी कितीदा केला होता. आत्ता तो जरासा दिसला. नाना एक पाऊल पुढे गेले.

"ऐकलंत?" भोंगा कडाडला. "पोटच्या पोरानं हाक मारली, तरी मान वळली नाही! अरे, याला म्हणतात समर्थक!"

छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या. पोरांनी नानांना खांद्यावर घेतलं. "मला नाही रे, त्याला! त्याला उचला!" नाना ओरडत होते, आणि लोकांना वाटत होतं, किती साधा माणूस. नानांना नाचवायला जागा हवी म्हणून कुणीतरी मुलाला खुर्चीवरून उठवलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि चार लोकांसारख्या टाळ्या वाजवू लागला.

नानांना खाली ठेवलं तोवर तो गेला होता. ते घरी पोचले तेव्हा बायको डोळ्याला पट्टी लावून खाटेवर बसली होती.

"मिळेल त्या गाडीनं जातो म्हणाला. ऑपरेशन नीट झालंय, आता थांबून काय करू, म्हणाला." तिनं नानांच्या पावलांच्या रोखानं तोंड वळवलं. "तुम्ही बोललात का त्याच्याशी?"

"बोललो," नाना म्हणाले. "पण टाळ्या मलाच पडल्या."