मेडिकलचा लाल शर्ट

आमच्या तात्यांना आनंद झाला की तो गावभर सांडल्याशिवाय राहत नाही. माझा धाकटा भाऊ फुटबॉलच्या जोरावर अमेरिकेतल्या कॉलेजात गेला, तेव्हापासून वरकुट्यात कुणाला फुटबॉल कळो न कळो, त्याच्या संघाचा निकाल मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. तिकडे संध्याकाळी मॅच, म्हणजे आपल्याकडे भल्या पहाटे. तात्या धारा काढायच्या आधी घरामागच्या कॅनॉलच्या भरावावर जाऊन बसायचे, कारण रेंज तिथंच. गेल्या ऑगस्टात हंगाम सुरू झाला तेव्हा मी माहेरी होते, म्हणून मलाही ओढून नेलं. मी बारामतीला शाळेत शिकवते आणि पहाटे उठवणाऱ्या माणसावर माझं सहसा प्रेम नसतं.

आईही यायची, पण तिचं त्या खेळाशी पहिल्या दिवसापासून बिनसलं. तिकडच्या कॉलेजच्या मॅचला घड्याळ उलटं चालतं. पंचेचाळीस मिनिटांपासून खाली खाली येत शून्यावर थांबतं.

"आसलं कसलं वो घड्याळ?" ती तात्यांना म्हणायची. "वाढत न्हाय, नुसतं सरत जातंय. बघवत न्हाय मला."

"मग डोळं मिटून बस," तात्या म्हणायचे.

मी हसले होते. पण पुढं माझंही लक्ष पोरापेक्षा कोपऱ्यातल्या त्या आकड्यांकडेच जायला लागलं.

सप्टेंबरात मी बारामतीला परतले तरी खोड लागली ती लागलीच. चहा ठेवायचा, ओट्यावर डब्याला टेकवून फोन उभा करायचा. असंच एका पहाटे बघत होते. धाकटा कडेनं पळणारा गडी, वाऱ्यासारखा. त्या दिवशी मात्र जरा पळाला की गुडघ्यावर हात ठेवून वाकत होता. चेंडू त्याच्या शेजारून गेला, त्यानं मान वळवली नाही. मग तो गवतावर खाली बसला, पायातला काटा काढायला बसावं तसा. तेवढ्यात चित्र अडकलं. चहा उतू गेला, गॅस विझला, मी आपली फोनला शिव्या घालतेय. चित्र पुन्हा हललं तेव्हा मैदानात सगळे होते, हा नव्हता.

तात्यांना फोन केला. "बदली केला आसंल," ते म्हणाले. "तितं सारखी माणसं बदलत्यात."

धाकट्याचा निरोप आला, काही नाही ताई, पाणी कमी प्यालो. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पण पुढच्या मॅचला तो दिसला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. विचारलं की म्हणायचा, अभ्यास आहे. अभ्यास! हा! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

रविवारी सकाळीच वरकुट्याला गेले. एसटीतून उतरते न उतरते तोच शेजारच्या काकूंनी हातावर पेढा ठेवला.

"जयभीम म्याडम! तोंड गोड करा. भाऊ डाक्टर व्हनार की!"

"कुणाचा भाऊ?"

"आता गं बया! तुमचाच. मेडिकलला लागला न्हवं?"

घरी तात्या नवा सदरा घालून बसलेले. विहारात पेढे वाटून झाले होते, उरलेला खोका मांडीवर. आदल्या रात्री धाकट्याशी बोलणं झालं होतं म्हणे, आवाज तुटत होता, पण 'मेडिकल' स्पष्ट ऐकू आलं. आणि वर लाल शर्ट दिलाय.

"मानाचा आसनार," तात्या म्हणाले. "सगळ्यांना न्हाय देत. त्यानं पुढं काय सांगितलं ते कळालं न्हाय, पर पोरगं रडत व्हतं. आनंदानं रडतंय म्हणलं मी."

माझं डोकंच फिरलं. "अहो तात्या, तो तिथं धंद्याचं गणित शिकतोय, हंगामाच्या मधेच मेडिकलला कसा लागेल? बारावीला जीवशास्त्र तरी होतं का त्याला?" आई माझ्याकडे बघायला लागली. तिनं हातातला पेढा तसाच खोक्यात ठेवला.

तिथंच फोन लावला. आवाज मोठा करून खोक्याशेजारी ठेवला, तिघंही ऐकू म्हणून.

पेढ्यांचं ऐकून धाकटा आधी हसला. मग हसणं थांबलं.

"ताई, रेडशर्ट म्हंजे त्या वर्षी खेळायचं न्हाय. संघात राहायचं, नुसतं बसायचं. मेडिकल म्हंजे आजारपणामुळं." त्या दिवशी मैदानात तो बसला नव्हता, शुद्ध हरपली होती. तपासण्या झाल्या. हृदयाची भिंत जाड झालीय, म्हणाला. पळता पळता ते एकाएकी बंद पडू शकतं.

आईनं तोंडावर पदर धरला.

"पर अजून संपलं न्हाय," तो घाईघाईनं म्हणाला. "सोमवारी मोठ्या डॉक्टरकडं जायचंय. त्यांनी एकच इचारलंय. घरात कुणी तरुणपणी असं अचानक गेलंय का? न्हाय म्हणलं तर आणखी तपासतील, पुढच्या हंगामाला कदाचित खेळायला सोडतील. व्हय म्हणलं तर खेळ बंद. कायमचा." थोडं थांबून तो म्हणाला, "थोरले काका उन्हानंच गेले ना, ताई? मग मी न्हाय म्हणून सांगतो."

थोरले काका म्हणजे तात्यांचे भाऊ. मी जन्मायच्या आधी, ऐन विशीत, कबड्डीच्या मैदानात गेले. ऊन लागलं. आमच्या घरात हे इतकं पक्कं की वैशाखात आम्हा पोरांना दुपारभर कोंडून घालायचे, डोक्यावर ओलं फडकं. चुलत्याचं काय झालं माहीत आहे ना, एवढं म्हटलं की आम्ही गप्प. मी तोंड उघडलंच होतं, हो रे, उन्हानंच, असं म्हणायला. मलाही त्यानं खेळायला हवं होतं. दुसरं काय येतं त्याला?

तात्यांनी पेढ्यांचा खोका मांडीवरून खाली ठेवला.

"झेंडावंदन व्हतं," ते म्हणाले.

मला काही कळेना. "कसलं झेंडावंदन?"

"सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, मग कबड्डी. सकाळची येळ, हातपाय काकडल्यालं. मैदानाच्या कडंला आमी शेकोटी पेटवली व्हती." ते फोनकडे बघून बोलत होते. "त्यो चढाई करून आला, रेष शिवला आन् पडला. परत उठलाच न्हाय. ऊन कुठलं रं, बाळा?"

"मग सगळे ऊन का म्हणत्यात?" पलीकडून आवाज आला, लहान मुलासारखा.

"तुज्या दोन आत्या लग्नाच्या व्हत्या. ह्या घराचं काळीजच कच्चं हाय, आसं गावानं म्हणलं आसतं तर दारात कोण आलं आसतं? तुज्या आज्यानं ऊन म्हणायचं ठरवलं. आमी बी म्हणलं. म्हणता म्हणता मलाच खरं वाटाय लागलं. डाक्टरला व्हय म्हणून सांग. माजा भाऊ तसाच गेला म्हणून सांग."

धाकटा रडत होता. त्या रडण्यात आनंद शोधायला आता कुणी तयार नव्हतं. मला तात्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्या अंगावरच्या नव्या सदऱ्याकडे बघवतही नव्हतं.

आई इतका वेळ दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती तात्यांना म्हणाली, "सोयरीक जमवताना माज्या बापानं इचारलं व्हतं तुमच्या घरी. थोरला कशानं गेला म्हणून."

तात्यांनी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं.

"तुमीच सांगितलं व्हतं. ऊन."

मग तिनं फोन उचलला, कानाला घट्ट लावला आणि आत गेली. "आई हाय हितं," ती त्याला म्हणत होती. "पळू नगंस. कुणी बी बोलवलं तरी पळू नगंस."