मोठेबाबांचं एकच घड्याळ

मोठेबाबांना चुकूनही वेळ विचारायची नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. नवा आलेला एखादा भाडेकरूच तेवढा फसायचा. "काका, किती वाजले?" एवढंच तो विचारायचा, आणि मोठेबाबा हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून त्यालाच विचारायचे, "पहिले तू सांग, लंडनमधे वेगळे अन् नागपुरात वेगळे काहून वाजले पाहिजे?" तो बिचारा ऑफिसला उशीर होतोय का, हे बघत असायचा. मग उशीर नक्की व्हायचा.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आवाज मोठा, पण मन मऊ. त्यांचं म्हणणं असं, की साऱ्या जगाची वेळ एकच असावी. इथे आठ वाजले की टोकियोत आठ, न्यूयॉर्कमध्येही आठच. आणि ती वेळ नागपूरची असावी, कारण नागपूर मधोमध आहे. ते देशाच्या मधोमध आहे, जगाच्या नाही, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "गोल गोष्टीचा मध्य कुठंही धरता येते वं, सुलू," ते म्हणाले. यात काहीतरी चुकतंय एवढं मला कळत होतं. नेमकं काय, ते आजही धड सांगता येणार नाही.

सीताबर्डीला एका पोहेवाल्याशी त्यांची या विषयावर जुंपली होती.

"मंग अमेरिकेतला माणूस रात्री आठ वाजता उठन काय?" पोहेवाल्याने विचारलं.

"रात्री काहून? तिकडं तवा सकाळ राहते. तो आठ वाजता उठन."

"म्हणजे सकाळचे आठ?"

"नुसते आठ म्हण नं बाप्पा!"

पोहेवाला झारा हातात धरून विचार करत राहिला. त्या नादात त्याने आमच्या पोह्यांवर दोनदा तर्री ओतली. मी नाकाडोळ्यांतून पाणी काढत खाल्ले, मोठेबाबांना त्याची खबरही नव्हती. घरी येताना बसमध्ये ते खुशीत होते. "पटलं त्याले," म्हणाले. मला तर वाटत होतं, त्या माणसाला आता स्वतःच्या घड्याळाचीच भीती बसली असणार.

तिकडे अमेरिकेत वर्षातून दोनदा काटा पुढेमागे करतात, ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली कोण जाणे. सांगणाऱ्याचं मात्र काही खरं नव्हतं. मोठेबाबांनी तो आपला स्वतःचा अपमान मानला. "सरकारनं काटा मागं घेतला म्हणून गाय काय उशिरा दूध देते?" असं ते कितीतरी दिवस येईल त्याला ऐकवत होते. त्यांची एकुलती एक मुलगी, आमची बेबी, कॅलिफोर्नियात राहते, म्हणून हा काटा थेट त्यांच्या घरात शिरायचा. बेबीचा फोन ठरल्या वेळी यायचा नाही, आणि ते मोबाइल हातात घेऊन ओसरीत येरझारा घालायचे.

एका दिवाळीत त्यांनी बेबीला हुकूमच केला, लक्ष्मीपूजन नागपूरच्या मुहूर्तावर झालं पाहिजे. आमच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले, दारात पणत्या, आणि फोनमध्ये बेबीच्या स्वयंपाकघरात लख्ख सकाळ. ती बिचारी नाइटगाउनवर साडीचा पदर घेऊन चौरंगापुढे बसलेली, मागे तिची मुलं शाळेचे बूट शोधत धावतायत. "बाबा, उजेडात दिवा दिसून नाही राहिला," ती म्हणाली. "तू लाव. इथं दिसून राहिला," मोठेबाबा म्हणाले. हसावं की रागवावं हे मला समजेना. बेबी मात्र हसली नाही. तिने दिव्यासमोर हात आडोशाला धरला, ज्योत नीट दिसावी म्हणून, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

तिला कारण माहीत होतं. मलाही होतं. हे खूळ मोठेबाबांना पहिल्यापासून नव्हतं, ते मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासूनचं होतं. मोठीआई भरदुपारी, बसल्या जागी गेली. बेबीकडे तेव्हा मध्यरात्र. फोन मीच लावत होते, पुन्हा पुन्हा, पण झोपताना ती आवाज बंद करून ठेवायची. मोठीआईचे भाऊ, जवळच खापा गावी राहणारे आमचे खाप्याचे मामा, लगोलग आले. आमच्यात त्यांचा शब्द चालतो. "दिवस मावळाच्या आत झालं पाहिजे," ते म्हणाले. "बेबी उठू द्या," मोठेबाबा म्हणाले, पण इतक्या हळू, की जवळ उभी असूनही मला ते दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ऐकू आलं. तयारी तोवर सुरू झाली होती. घाटावरून सगळे परतले, आंघोळी चालल्या होत्या, तेव्हा बेबीचा फोन आला. "बाबा, एवढे फोन काहून केले? आई बरी आहे नं?" मोठेबाबांनी मोबाइल माझ्या हातात दिला. तिला मी सांगितलं. तशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

तर त्या दिवसापासून हे एकच घड्याळ. "वेळ एक राहिली असती तर पोरीले समजलं असतं," ते म्हणायचे. मी पुष्कळ दिवस ऐकून घेतलं. एकदा मात्र राहवलं नाही. म्हटलं, "मोठेबाबा, तिच्या घड्याळातही दुपारचे दोन वाजले असते, तरी बाहेर अंधारच असता नं? ती झोपलेलीच राहिली असती."

मला वाटलं, आता चिडतात.

"मले समजत नाही असं वाटते का तुले?" ते म्हणाले. "पण मंग चूक कोणाची धरू, सांग. पोरीची? खाप्याच्या मामाची? का माझी, मी जोरानं बोललो नाही म्हणून? घड्याळाची धरली तर कोणाले लागत नाही."

मी चहा ठेवते म्हणून उठले, तर त्यांनी हाताला धरून खाली बसवलं. "मी गेलो का बेबी उठल्याशिवाय मले हलवायचं नाही. दिवस मावळो का उगवो. लोकं बोलतीन, तू ऐकू नको." मी हो म्हटलं. एवढ्या साऱ्या मंडळींपुढे माझं कोण ऐकणार, हे मात्र मला कळत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मोठेबाबा गेले. सकाळी गेले, बेबीकडे संध्याकाळ होती, फोन तिने लगेच उचलला. "मी निघते," एवढंच बोलली. खाप्याचे मामा नेहमीप्रमाणे आधी पोचले. मी दारातच सांगून टाकलं, बेबी येईपर्यंत काही होणार नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, पण मोठेबाबांना ठेवायची थंड पेटी मागवायला कुणी आड आलं नाही.

बेबी आली ती विमानतळावरून थेट, तिसऱ्या दिवशी दुपारी. रडली नाही. पेटीजवळ चटईवर बसली, काचेवर हात ठेवला, आणि बसल्याबसल्या तिचा डोळा लागला. आधी मान कलली, मग ती तिथेच आडवी झाली. प्रवासात तिला झोप मिळालीच नसावी. बाहेर घाटावर न्यायची गाडी उभी होती, गुरुजी आले होते, अंगणात माणसं खोळंबली होती. ऊन भिंतीवर चढत चाललं. शेवटी चुलत वहिनी तिला उठवायला वाकली, तर मी वहिनीचा हात धरला.

"नको. तिच्याकडे आता रात्र आहे," मी म्हटलं.

बोलून गेले, आणि माझं मलाच कळेना, मी मोठेबाबांच्या बाजूने बोलले की त्यांच्या विरुद्ध. सगळे मामांकडे बघू लागले. मामांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग बेबीकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि फाटकापर्यंत गेले.

"गाडी घेऊन जा, बाप्पा," ते गाडीवाल्याला म्हणाले. "उद्या सकाळी ये. पोरगी झोपून राहिली."

आत येऊन त्यांनी खांद्यावरची शाल बेबीच्या अंगावर घातली आणि चटईच्या कडेला बसले. दिवस मावळला.