दहा पंप, एक पेटी

यंत्रं भाड्याने देणाऱ्या त्या डेपोत तिला सगळे लालमावशी म्हणत. लाल होती ती तिच्या खिशातली चिकटपट्टी. वीज वाटायच्या चाकांवरच्या पेट्या कामावरून परत आल्या की पहिल्यांदा तिच्या टेबलापुढे यायच्या. एखादी चाचणीत नापास झाली की मावशी तिच्या झाकणावर लाल पट्टी डकवायची, आणि मग खुद्द मालकाची टाप नव्हती ती पेटी फाटकाबाहेर न्यायची.

सुरुवातीला ती तिथे नुसती केबली धुवायला लागली होती. चिखलाने माखलेल्या, मनगटाएवढ्या जाड केबली ब्रशने घासायच्या आणि वेटोळी करून टांगायच्या. चाचणीचं काम तेव्हा एक म्हातारा फिटर करायचा. त्याचे डोळे अधू झाले तसं तो मीटरवरचे आकडे तिच्याकडून वाचून घेऊ लागला, आणि वाचता वाचता ती शिकली. पेटीत एक ब्रेकर असतो. गेलेली वीज सगळी परत येते की नाही, यावर तो डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. थोडी जरी वाट चुकून जमिनीत गेली, माणसाच्या अंगातून गेली, की खट्कन सगळं बंद. पेटीवर त्याच्या चाचणीचं बटणही असतं. पण फिटर म्हणायचा, "बटणाने खटका पडतो एवढंच कळतं. किती गळतीला पडतो आणि किती वेळात पडतो, ते मीटरला विचार." तो गेला, त्यालाही एकोणीस वर्षं झाली. मावशी अजून मीटरलाच विचारत होती. घरी नवरा चेष्टा करायचा, "अगं, भात शिजला का ते तरी बोटाने बघ, नाहीतर त्यालाही वायर लावशील."

एका सकाळी मालकाने तिला बोलावलं. माशांची पिल्लं वाढवणाऱ्या एका केंद्रात मुख्य पॅनेल जळालं होतं. दुरुस्तीला चार दिवस लागणार होते, म्हणून डेपोने तिथे जनरेटर आणि एक पेटी पाठवली होती. ती पेटी दर तासाभराने बंद पडत होती.

"पेटी मीच तपासून दिली होती," मावशी म्हणाली.

"म्हणूनच तुम्ही जा. ते म्हणतात, पेटी खराब आहे. बदलून द्यायला माझ्याकडे दुसरी नाही, सगळ्या बाहेर आहेत. उद्या सकाळी एक मोकळी होईल."

केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड होती. दोन्ही बाजूंना पाच-पाच सिमेंटच्या टाक्या, मधे ओली वाट. टाक्यांच्या कठड्याला लोखंडी नळ्या. प्रत्येक टाकीत हवेचा एक पंप बुडबुडे सोडत होता. पहिल्या सहा टाक्यांत जरा मोठी पिल्लं होती, शेवटच्या चारांत अंड्यांतून नुकती बाहेर पडलेली. त्यांना जिरे म्हणतात, आणि दिसायलाही ती तशीच, दोन काळे ठिपके आणि एक शेपटी. केंद्र चालवणारा म्हातारा टाक्यांमधून येरझाऱ्या घालत होता. त्याची सून गुडघाभर पाण्यात उभी राहून जाळीने कचरा काढत होती.

"आलात?" म्हातारा म्हणाला. "तुमच्या पेटीने रात्रीपासून पाच वेळा दगा दिलाय. हवा थांबली की अर्ध्या तासात ही वर येऊन तोंडं उघडतात. काय ते लवकर बघा."

मावशीने आधी जनरेटरजवळ जमिनीत ठोकलेली अर्थिंगची सळई तपासली. ठीक होती. मग सगळे प्लग काढून नुसती पेटी तपासली. ब्रेकर तीस मिलिअँपिअरचा होता, तेवीसला पडला, तोही पापणी लवायच्या आत. तिसाच्या आत, अगदी हवा तसा. मग एकेक पंप बाहेर काढून त्याचं इन्सुलेशन तपासलं. प्रत्येक पंप काढला की तेवढी टाकी शांत व्हायची, आणि म्हातारा तिच्या पाठीशी येऊन उभा राहायचा. दहाच्या दहा पंप पास झाले. केबली हातभर-हातभर चाचपून पाहिल्या. कुठे चीर नाही, कुठे ओलावा नाही.

एव्हाना दुपार व्हायला आली होती. दोष सापडला तर दोष काढता येतो; इथे हाती काहीच लागत नव्हतं. शेवटी तिने प्रत्येक पंप चालू ठेवून त्याची गळती मोजली. कुणाची दोन, कुणाची अडीच, एकाची दोनला जरा कमी. एवढी गळती चांगल्या मोटरलाही असतेच. तिने वहीत बेरीज केली. एकवीस झाली. मग ती तासभर मुख्य केबलला मीटर लावून बसली. मोटरा तापत गेल्या तसा आकडा बावीस झाला, साडेबावीस झाला, आणि खट्. शेड एकदम गप्प झाली.

म्हातारा धावत आला. "सापडलं?"

"सापडलं," ती म्हणाली, "पण करण्यासारखं काही नाही. काका, पेटी बरोबर आहे. पंपही बरोबर आहेत. सगळ्यांची थोडी थोडी गळती एका ब्रेकरवर येते आणि त्याचं माप भरतं. दोन पेट्यांवर वाटून दिलं की एकदाही पडणार नाही."

"मग द्या वाटून."

"दुसरी पेटी उद्या येईल."

म्हाताऱ्याने टाक्यांकडे पाहिलं. "उद्या मी कुणाला हवा देऊ?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "बाई, मीही आयुष्यभर मोटरांतच हात घातलेत. झाकण उघडा, तो ब्रेकर बाजूला ठेवून एक तार जोडा. दोन मिनिटांचं काम. उद्या काढून टाका. कोण विचारतंय?"

दोन मिनिटांचंही नव्हतं. तिने पेटीचं झाकण उघडलं होतंच. स्क्रू ड्रायव्हर हातात होता. टाकीतून सून तिच्याकडे बघत होती, एक हात लोखंडी कठड्यावर, पाय पाण्यात, दुसऱ्या हाताने पंपाची केबल वर धरलेली.

"ताई, तुम्ही बाहेर याल का?" मावशीने विचारलं.

"बाहेर येऊन कसं चालेल? पंप बंद असला की पाणी हातानेच ढवळावं लागतं. आज दिवसभर इथेच आहे मी." थोडं थांबून ती म्हणाली, "जोडा ना तार. एका दिवसाने काय होतंय?"

काहीही झालं नसतं, कदाचित. हेच मावशीला सर्वांत अवघड जात होतं. तिने झाकण परत लावलं. एक स्क्रू दोनदा खाली पडला.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने वळून कोपऱ्यातली बादली उचलली. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

खटका आता तासभर सोडा, मिनिटभरही टिकेना; उन्हाने मोटरा आणखी तापल्या होत्या, नऊ पंपांवरही तो पडला, आठांवरही. मग तिने सात पंप चालू केले आणि तीन बंद ठेवले. सातांची गळती एकविसाच्या आत राहिली. दर पंधरा मिनिटांनी ती आणि सून प्लग बदलत होत्या, या टाकीतून काढ, त्या टाकीला दे. जिऱ्यांच्याच टाक्या सतत चालू ठेवाव्यात तर मोठी पिल्लं गुदमरत होती, मोठी पिल्लं दुसऱ्या टाक्यांत हलवावीत तर जागा नव्हती, आणि जिऱ्यांना जाळीचा धक्काही सोसत नाही. उरलेल्या टाक्यांत म्हातारा बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतत होता. सत्तरीचा माणूस. तीनला त्याचा खांदा भरून आला आणि तो कठड्यावर बसला. मावशीने बादली घेतली. पत्रा तापला होता, पाणी कोमट झालं होतं. कोमट पाण्यात हवा टिकत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. मधे दोनदा तिने डेपोला फोन केला. मालकही हवालदिल झाला होता. "मावशी, मी काय खिशातून काढून देऊ का पेटी?"

चारच्या सुमाराला शेवटच्या टाकीवर पांढरट साय आल्यासारखं दिसायला लागलं. सुनेने ओंजळीत पाणी घेतलं, निरखून पाहिलं आणि हळूच परत सोडलं. संध्याकाळपर्यंत जिऱ्यांच्या चारही टाक्या गेल्या. मग सहाच पंप लागत होते, आणि ब्रेकर एकदाही पडला नाही.

निघताना ती म्हाताऱ्यापुढे उभी राहिली. तोच म्हणाला, "पेटी चांगली आहे तुमची."

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरोबरच केलंस."

"कशावरून?"

"अगं, ती सून जिवंत आहे ना?"

"अहो, तार जोडली असती तरी असती. बहुतेक." ती उठली आणि ताटं घ्यायला लागली. "तेच तर कळायला मार्ग नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी पेटी गेली. पंप तीन-तीन वाटले गेले. तिने डेपोच्या वहीत लिहिलं: पेटीत दोष आढळला नाही. मालकाने वाचलं, मान हलवली आणि पान उलटलं.

आठवड्याने पेट्या परत आल्या, त्या टेम्पोबरोबर सून आली होती. सामान उतरवून झाल्यावर ती मावशीच्या टेबलाशी रेंगाळली.

"मामंजी तुमच्याबद्दल काही वाईट बोलत नाहीत," ती म्हणाली. "चांगलंही बोलत नाहीत. नवीन जिरे टाकलेत काल."

"तुम्हाला राग आहे का माझा?"

सुनेने विचार केला. "त्या दिवशी होता. आता पाण्यात उतरताना आधी केबलीकडे बघते. पूर्वी नव्हते बघत. त्याचाच राग येतो कधी कधी."

मावशीने सुनेला पाणी दिलं. टेम्पो गेल्यावर तिने पहिली पेटी टेबलाजवळ ओढली, ओल्या फडक्याने पुसली आणि मीटर लावला. ब्रेकर तेवीसला पडला. पास. तिने तारीख लिहिली आणि पेटी बाहेर जायच्या रांगेत ढकलली.